न फाटणारी शाळा

टेलरकाकू स्वतः हायस्कूलची पायरी कधी चढल्या नव्हत्या, पण कुठलं हायस्कूल कसं, हे विचारायला अख्खा बाजार त्यांच्याकडे यायचा. सरकारी कचेरीच्या फलकावर दरवर्षी आसपासच्या चारही सरकारी हायस्कुलांचे निकाल लागायचे, टक्केवारीसकट. लोक तो फलक वाचायचे, मान डोलवायचे आणि तिथून सरळ काकूंच्या दुकानात यायचे. काकूंना फलकाचं काडीचंही कौतुक नव्हतं.

"निकाल काय, वर्षातून एकदा लागतो," त्या म्हणायच्या. "कपडे रोज फाटतात."

आणि फाटलेले कपडे काकूंकडे यायचे. दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड केलेली एक खोली. मधोमध पायाचं मशीन, बाजूला कापायचं टेबल, भिंतीवर रिळांची फळी, मागे पडदा आणि पडद्यापलीकडे घर. दारात पाटावर बसून सासूबाई हाताने काजं करायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर शेरे मारायच्या. दोन्ही कामं त्यांना सारखीच सफाईने जमायची.

चार शाळांचे चार रंग होते, आणि काकूंच्या मते चार स्वभाव.

बाजारातल्या शाळेचा गणवेश तपकिरी. त्याचे खिसे फाटायचे. "खिसा कधी फाटतो? भरला की," काकू समजावून सांगायच्या. "शाळेच्या चहूबाजूंनी दुकानं. ती मुलं शिकायला जातात की खरेदीला, ते त्यांनाच विचारा." नदीकाठच्या शाळेचा गणवेश हिरवा. त्याच्या कॉलरी उसवायच्या आणि बटणं तुटायची. "कॉलर आपण होऊन फाटत नाही, बाई. ती दुसऱ्या कुणीतरी धरावी लागते." धरणाजवळच्या शाळेचा निळा, आणि तो बरोब्बर बसायच्या जागी फाटायचा. "बाकांचे खिळे वर आलेत. हेडमास्तरांनी एक हातोडी घेतली तर माझा निम्मा धंदा बसेल, पण घेणार नाहीत. घेतील कसे? त्यांच्या खुर्चीला खिळा नाही."

राहिली टेकडीवरची शाळा. तिचा गणवेश राखाडी. नवे राखाडी कपडे काकू दरवर्षी शिवून द्यायच्या, पण त्यातला एकही परत यायचा नाही. ना खिसा, ना कॉलर, ना गुडघा. इथवर आल्या की काकू मशीन थांबवायच्या, गळ्यातली टेप सरळ करायच्या आणि आवाज खाली आणायच्या.

"टेकडीवरची शाळा," त्या म्हणायच्या, "न फाटणारी शाळा आहे. शिस्त म्हणतात ती हीच."

औषधवाल्याची बायको आपल्या मुलाला घेऊन आली होती तेव्हाही काकूंनी हेच सांगितलं. तो मुलगा इतका भित्रा, की माप देताना आईच्या पाठीमागून बाहेर येईना; काकूंना त्याची छाती अंदाजाने मोजावी लागली. "याला टेकडीवर घाला," काकू म्हणाल्या. "फुलासारखा जाईल आणि फुलासारखा येईल." औषधवालीने ऐकलं, आणि तेव्हापासून ती भेटेल त्याला सांगत सुटली, की वर्ष झालं पण पोराच्या पँटसाठी एकदाही शिंप्याकडे जावं लागलं नाही. झालं. काकूंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ ठरला. गावातली सगळी गरीब, अबोल, लाजाळू मुलं काकूंच्या सल्ल्याने एकामागून एक टेकडी चढू लागली.

काकूंचा नवरा बेकरीची गाडी चालवायचा, म्हणून त्याला सगळे बेकरीकाका म्हणायचे. काकूंचं शाळापुराण सुरू झालं की हा गृहस्थ हातातला पाव तोंडात कोंबायचा आणि चहात बघत बसायचा. त्याला बोलायची सवय नाही, असं काकूंचं मत होतं. बोलायची संधी नाही, असं सासूबाईंचं होतं.

आता या सगळ्यात बटणचा प्रश्न उभा राहिला.

बटण ही काकूंची एकुलती एक मुलगी. लहानपणी गोलमटोल होती आणि सारखी हरवायची, म्हणून आजीने ठेवलेलं नाव. आता ती ताडमाड वाढली होती, पण हरवायची ते हरवायचीच. शोधायला गेलं तर कधी पत्रेवाल्याच्या छपरावर सापडायची, कधी रिकाम्या पिंपात. सापडली की अंगावरच्या कपड्यांचा काही भाग तिथेच राहिलेला असायचा. काकूंच्या दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक घरातच होतं, आणि तेही फुकटं.

बटणची सातवी संपली होती. शनिवारी प्राथमिक शाळेत जाऊन पुढच्या हायस्कूलचं नाव सांगायचं होतं, आणि एकदा सांगितलं की बदलता यायचं नाही.

"मी नदीकाठच्या शाळेत जाणार," बटण म्हणाली.

"कॉलरवाल्या? अगं, तिथे मारामाऱ्या होतात!"

"हो ना!" बटणचे डोळे चमकले.

काकूंनी कपाळावर हात मारला. तिने टेकडीवरच जायचं, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं, आणि त्यामागे नुसता कपड्यांचा हिशेब नव्हता. काकूंची स्वतःची सातवी झाली तेव्हा त्यांच्या वडिलांचा कारागीर काम सोडून गेला होता. वडीलही शिंपीच. कापताना कापडाचं दुसरं टोक धरायला माणूस नव्हता. "एवढा हंगाम निघू दे," वडील म्हणाले, "मग जा हायस्कूलला." काकूंनी टोक धरलं. तो हंगाम काही संपला नाही. वडील गेले, लग्न झालं, मशीन नवऱ्याच्या घरी आलं, आणि काकू त्याच मशीनपुढे त्याच स्टुलावर बसून राहिल्या. त्या स्टुलाला पाठ नव्हती. म्हणून काकूंचं स्वप्न अगदी साधं होतं: आपली मुलगी पाठ असलेल्या खुर्चीवर, पांढऱ्याशुभ्र कॉलरीत टेकून बसलेली असावी आणि समोर टेबल असावं. टेबलावर काय असावं हे काकूंना नीटसं सांगता आलं नसतं, पण मशीन नसावं हे नक्की.

त्यासाठी घरात एक कायदा होता. बटणने कशालाही हात लावावा, पण सुईला आणि मशीनला नाही. बटणला त्यातलं काही नकोच होतं, त्यामुळे घरात पाळला जाणारा तो एकमेव कायदा होता.

"आपण शाळा बघूनच येऊ," काकूंनी जाहीर केलं. "एकदा ती शांतता बघितलीस ना, की नदीबिदी विसरशील."

"मीपण येणार," सासूबाई म्हणाल्या. "न फाटणारी पोरं मी अजून बघितली नाहीत. बघू दे तरी, हाडामासाची आहेत का लाकडाची."

बेकरीकाकांनी पाव तोंडात कोंबला.

शुक्रवारी सकाळी काकूंनी बटणच्या फ्रॉकला अशी इस्त्री केली, की घडीवर बोट कापावं. स्वतः ठेवणीतले कपडे घातले, लग्नाकार्याला काढायची पर्स काढली आणि बटणला दम भरला. "आज एक दिवस माणसासारखी वाग. तिथे आपल्याला बघतील." बेकरीच्या गाडीत पुढे काका, काकू आणि सासूबाई; मागे पावांच्या ट्रेमध्ये बटण. घाटाच्या प्रत्येक वळणावर बटण ट्रेसकट इकडून तिकडे जायची आणि मागून आनंदाच्या किंकाळ्या यायच्या. काकू पुढे बघून ठामपणे बसल्या होत्या. सासूबाई मागे वळून "पुन्हा! पुन्हा!" म्हणत होत्या.

टेकडीवर गाडी थांबली. काकांनी मागचं दार उघडलं. बटण उडी मारून बाहेर आली आणि तिचा फ्रॉक ट्रेच्या कडीत अडकून आतच राहिला. सगळा नाही, पण कमरेपासून खालपर्यंतचा बराचसा. टर्र असा आवाज झाला, आणि न फाटणाऱ्या शाळेच्या दारात काकूंची मुलगी फाटकी उभी राहिली.

काकूंनी झटकन पर्स उघडली. रोजच्या पिशवीत सुई-दोरा जन्मापासून होता. लग्नाकार्याच्या पर्समध्ये अत्तराची रिकामी बाटली होती आणि एक गोळी, जुनी, कागदाला चिकटलेली.

"घ्या," सासूबाई म्हणाल्या. "टेलरीण आणि सुई नाही."

मग वरात निघाली. पुढे काकू, चेहऱ्यावर सगळं आलबेल असल्याचा भाव. मध्ये बटण. तिच्या पाठीला अगदी चिकटून सासूबाई, पडद्यासारख्या. बटणने पाऊल टाकलं की आजीचं पाऊल, बटण थांबली की आजीची हनुवटी तिच्या खांद्यावर. सगळ्यात मागे पावांचा ट्रे घेतलेले काका. त्यांचे खांदे हलत होते, पण ट्रे जड असेल म्हणून काकूंनी लक्ष दिलं नाही.

फाटकापाशी काकू थबकल्या. आता ऐकू येईल ती शांतता, पानं उलटल्याची सळसळ, फार तर एखादी घंटा. त्यांनी बटणला खूण केली, ऐक म्हणून.

आणि आतून अशी आरोळी आली, की झाडावरची पाखरं उडाली.

मधली सुट्टी होती. शाळेमागच्या उतारावरून मोडक्या बाकाच्या फळीवर बसून पाच-सहा मुली घसरत येत होत्या, आणि खाली उभे असलेले मुलगे जीव घेऊन पळत होते. छपराच्या पन्हळीत अडकलेला चेंडू काढायला एकावर एक उभं राहून पोरांनी मनोरा केला होता. मनोरा डुलत होता, आणि प्रत्येक मजला वरच्याला शिव्या घालत होता. कुंपणाच्या पलीकडून कुणीतरी कुंपणाच्या अलीकडे आलं, कुंपणातून.

"अहो," काकू कशाबशा म्हणाल्या, "ही कुठली शाळा?"

"हीच," काका म्हणाले.

"ही नव्हे हो! न फाटणारी!"

"हीच ती."

मग काकूंची शिंप्याची नजर जागी झाली, आणि त्यांनी पोरांकडे नाही, पोरांच्या कपड्यांकडे पाहिलं. राखाडी! सगळं राखाडी, त्यांनीच शिवलेलं, आणि त्यावर ठिगळंच ठिगळं. लाल दोऱ्याने शिवलेले गुडघे, हिरव्या दोऱ्याने जोडलेल्या बाह्या. एका मुलीच्या कोपरावर फुलाफुलांच्या पडद्याचा तुकडा. एकाच्या पँटचा खिसा मागून निघून पुढे मांडीवर आलेला, आणि त्याला वर झाकणसुद्धा. टाके तरी कसले! काही पालीसारखे वाकडे चाललेले, काही भीतीने एकमेकांना चिकटलेले, पण सगळे पक्के. काकूंनी आयुष्यात एका ठिकाणी एवढी शिलाई पाहिली नव्हती, आणि त्यातला एकही टाका त्यांचा नव्हता.

"काकू!" मनोऱ्याच्या टोकावरून कुणीतरी ओरडलं. वरचा मुलगा पन्हळ धरून लोंबकळला, खांबावरून सरसर खाली आला आणि दात काढत समोर उभा राहिला. काकूंनी त्याला ओळखलं ते छातीच्या मापावरून. औषधवाल्याचा मुलगा! तोच, आईच्या पाठीमागून बाहेर न येणारा!

"काकू, तुमच्यामुळे मी इथे आलो!" तो आनंदाने ओरडला. "देव तुमचं भलं करो!" आणि पुन्हा खांबावर चढला. त्याच्या पँटच्या बसायच्या जागी दोन ठिगळं होती, एकावर एक, डोळ्यांसारखी.

"लाकडाची नाहीत," सासूबाई समाधानाने म्हणाल्या.

तेवढ्यात शिडीवरून एक उंच, किडकिडीत गृहस्थ चेंडू काखेत मारून उतरले. त्यांच्याही गुडघ्याला ठिगळ होतं. ते हेडमास्तर होते. त्यांनी काकूंकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं, कारण ठेवणीतल्या कपड्यांवरही काकूंनी सवयीने टेप घातलीच होती, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"टेलरकाकू! मुलांनो, धावा! टेलरकाकू आल्यात! खऱ्या!"

उतार थांबला, मनोरा कोसळला. सगळी शाळा काकूंभोवती गोळा झाली आणि एखाद्या पाहुण्या पुढाऱ्याला न्यावं तशी त्यांना व्हरांड्यात घेऊन गेली. तिथे उजेडाच्या जागी एक जुनं पायाचं मशीन होतं, शेजारी सुया टोचलेली गादी, चिंध्यांची टोपली. आणि वर, भिंतीवर, जिथे बाकीच्या शाळांमध्ये सुविचार असतो तिथे, हातभर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं:

"मी काय अख्ख्या शाळेची आई आहे? पोरांना हात आहेत ना? शिकवा त्यांनाच शिवायला, आणि माझं डोकं खाऊ नका!"

आणि खाली: टेलरकाकू.

"एक, दोन, तीन," हेडमास्तर म्हणाले, आणि सगळ्या शाळेने ते एका सुरात म्हणून दाखवलं. "माझं डोकं खाऊ नका" इथे तर हावभावही होते.

सासूबाई हसता हसता खालीच बसल्या. त्यामुळे बटणची पाठ उघडी पडली, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तिथे सगळ्यांच्याच पाठी थोड्याफार उघड्या होत्या.

"हे मी कधी म्हणाले?" काकूंचा आवाज फाटला.

"मी नवीन आलो होतो," हेडमास्तर म्हणाले. "शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी फाटक्या गणवेशांचं गाठोडं घेऊन तुमच्या दुकानात आलो. ही गर्दी. तुमच्या तोंडात टाचण्या होत्या. तुम्ही त्या एकेक करून काढल्या आणि हे बोललात. मी गाठोडं घेऊन परत निघालो. घाट चढता चढता विचार केला, की बाईंचं बरोबर आहे."

काकूंना काही म्हणता काही आठवेना. हंगामात त्या असं कुणाला ना कुणाला रोजच बोलायच्या, आणि संध्याकाळी विसरून जायच्या. कुणी ऐकेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्या गर्रकन नवऱ्याकडे वळल्या.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"रोज पाव टाकतो इथे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस," काका म्हणाले. "तू सांगत होतीस."

काकूंनाही हसू येत होतं. ते ओठांपर्यंत आलंही. पण मग त्यांची नजर पुन्हा त्या मशीनवर गेली आणि हसू तिथेच विरलं. चार शाळा चाळून त्यांनी मुलीसाठी नेमकी तीच शाळा निवडली होती, जिच्यात मशीन होतं. त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

"सर, माझी मुलगी इथे येणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं चांगलं असेल. पण मी सातवीत शाळा सोडली ती कापडाचं टोक धरायला. ते अजून सुटलं नाही. माझ्या मुलीने सुई धरायची नाही. आमच्या घरात सुई धरली, की पुस्तक सुटतं."

सासूबाई डोळे पुसत उठून उभ्या राहिल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे शेरा नव्हता.

"चल, बटण," काकू म्हणाल्या.

बटण नव्हती. हरवली होती.

सापडली ती मशीनच्या पलीकडे, जमिनीवर मांडी घालून बसलेली. दोन वेण्यांची एक मोठी मुलगी तिच्या हातात ओवलेली सुई देत होती. "आधी दोन्ही कडा जुळव. आता आत, बाहेर, आत, बाहेर. बोट बाजूला ठेव. अगं, बोट!"

"आई गं!" बटणने बोट तोंडात घातलं, काढलं आणि पुन्हा सुई खुपसली.

काकू धावल्या. "आण ते इकडे! मी करते!"

"नाही हं, काकू," वेणीवाली अदबीने म्हणाली. "इथे ज्याचं त्याने करायचं." आणि तिने भिंतीकडे बोट दाखवलं.

स्वतःच्याच वाक्यापुढे काय बोलणार? काकू उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपल्या मुलीला शिवताना पाहिलं. जीभ बाहेर, एक डोळा मिटलेला. एक टाका गावात, तर दुसरा परगावात. मध्येच गाठ, गाठीवर गाठ. काकूंची बोटं आपोआप वळवळत होती. मशीनवर एक मुलगा शर्टाची बाही जोडत होता. त्याच्यामागे तिघं रांगेत उभे होते, एकमेकांना ढकलत.

आणि घंटा झाली.

मुलगा शिवण अर्ध्यावर सोडून उठला. बाही लोंबत असलेला शर्ट त्याने तसाच अंगात चढवला. रांगेतल्या तिघांनी रांग टाकली. वेणीवालीने सुई गादीत टोचली. "उरलेलं उद्या," ती बटणला म्हणाली, "भूगोल आहे, पळ!" आणि बटणही पळाली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, तिचा फ्रॉक अर्धाच शिवलेला होता, मागे हातभर दोरा लोळत होता. पण सगळे पळत होते आणि पळणं तिच्या रक्तातच होतं. सगळी शाळा दारांमधून आत गेली आणि व्हरांडा रिकामा झाला.

मशीन एकटंच राहिलं. त्याच्यासमोर कुणी नव्हतं. चाक अजून थोडं फिरत होतं, मग थांबलं.

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. वडिलांच्या दुकानापासून आजपर्यंत त्यांनी मशीन कधी असं पाहिलं नव्हतं. मशीन कामासाठी थांबायचं, जेवणासाठी थांबायचं, दिवे गेले की थांबायचं. भूगोल आहे म्हणून कुणी मशीनवरून उठून गेलंय, हे त्या पहिल्यांदा बघत होत्या. शिवण अर्धी राहिली होती आणि कुणी कुणाला ओरडलं नव्हतं. काकूंना रडू आलं. त्यांनी ते लपवलंही नाही. टेपच्या टोकाने डोळे पुसले.

"आत बसायचंय?" हेडमास्तरांनी हळूच विचारलं.

वर्गात शेवटचा बाक रिकामा होता. काकू बसल्या. शेजारी सासूबाई बसल्या, कारण त्यांना कुणी नको म्हणू शकत नव्हतं. फळ्यापुढे बाई वारे कसे वाहतात ते सांगत होत्या. बटणने हात वर केला होता. प्रश्न अजून विचारलेला नव्हता. काकू जरा अवघडून बसल्या होत्या, मशीनवर बसतात तशा, पुढे वाकून. मग त्यांना मागे काहीतरी लागलं. बाकाला पाठ होती. त्या जपून, हळूहळू मागे टेकल्या.

"खिळे नाहीत," सासूबाई कानाशी कुजबुजल्या.

"श्शू," काकू म्हणाल्या. "तास चाललाय."

घाट उतरताना बटण मागून ट्रेमधूनच ओरडत होती. "आई, मला नदीकाठची नको! इथे छपरावर चढू देतात! चेंडू अडकला तरच, पण तो सारखा अडकतो! आई, वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो, तुला माहीत होतं?"

"आता आहे," काकू म्हणाल्या.

शनिवारी त्यांनी टेकडीवरच्या शाळेचंच नाव दिलं.

त्यानंतर शाळा विचारायला येणाऱ्यांची मोठी पंचाईत झाली. खिसे, कॉलर आणि खिळे यांवर काकू पूर्वीसारख्याच बोलायच्या, पण टेकडीचं नाव निघालं की, "मला विचारू नका, जाऊन बघा," एवढंच म्हणायच्या. औषधवालीलाही त्यांनी काही सांगितलं नाही. तिचं चांगलं चाललं होतं.

शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि बटणचा पहिला राखाडी फ्रॉक गुडघ्याशी फाटून, शाळेत शिवून घरी आला. लाल दोरा. ठिगळ तिरकं, एक कोपरा दुमडलेला, टाके सैरावैरा. काकूंनी तो टेबलावर पसरला. उसवायचं पातं त्यांच्या हातात आपोआप आलं. एका मिनिटाचं काम होतं. उसवायचं, सरळ करायचं, असं शिवायचं की शोधून सापडणार नाही. काकूंनी पातं ठिगळाजवळ नेलं. मग ते खाली ठेवलं आणि इस्त्री तापवली. ठिगळाच्या कडेकडेने, एकाही टाक्याला धक्का न लावता, त्यांनी फ्रॉक इस्त्री केला आणि दुकानात दर्शनी खुंटीला अडकवला, जिथे त्या आपलं सगळ्यात चांगलं काम लावायच्या.

दुपारी एक नवीन गिऱ्हाईक आलं. ब्लाउजचं माप देता देता बाईंची नजर खुंटीकडे गेली आणि त्यांनी नाक मुरडलं.

"अगंबाई! हे कुणी शिवलंय हो, इतकं वाईट?"

सासूबाईंचा काज करणारा हात थांबला. काकूंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"माझ्या मुलीने," त्या म्हणाल्या. "ती हायस्कूलला आहे."